दमण्याआधी बसायचे : लाइम आजारानंतरच्या थकव्यात श्रम आणि विश्रांतीचा बेत

गुहागरच्या आमच्या आगरात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली जुनी विहीर आहे. चैत्र संपत आला की तिचे पाणी इतके खाली जाते की पंप वीस-पंचवीस मिनिटांच्या वर चालवता येत नाही. त्यापुढे चालवला तर आधी पाण्याला लालसर रंग येतो, मग गाळ येतो आणि शेवटी पंप हवा ओढू लागतो. एकदा गाळ वर आला की त्या दिवशीचे शिंपणे बुडते, कारण तो खाली बसून झऱ्याचे स्वच्छ पाणी साठेपर्यंत संध्याकाळ होते. म्हणून माझ्या वडिलांचा नियम असा होता, की पाणी चांगले येत असतानाच पंप बंद करायचा, दोन तास झरा भरू द्यायचा आणि मग उरलेल्या पोफळींच्या आळ्यांना पाणी लावायचे. लहानपणी मला हा नियम वेळकाढू वाटे, परंतु अशा थांबत थांबत केलेल्या शिंपण्यात दिवसाअखेर अधिक झाडे भिजलेली असत, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

हा नियम मला इतक्या वर्षांनी आठवला तो माझ्या भाचीमुळे. ती अमेरिकेत कनेटिकट राज्यात नोकरी करते. तेथेच तिला लाइम आजार झाला, वेळेवर औषध मिळाले, आजार बरा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले, आणि तरीही आठ महिने उलटले तरी थकवा जाईना, तेव्हा काही महिने घरी राहावे म्हणून ती गुहागरला आली. निवृत्त होईपर्यंत मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे आजाराची माहिती वाचून समजून घेणे मला जड गेले नाही. जड गेले ते या थकव्याचे गणित. तेच येथे सोपे करून मांडते आहे. औषधांचे निर्णय अर्थातच डॉक्टरांनी घ्यायचे; हा लेख घरात राहून दिवस कसा आखावा एवढ्यापुरता आहे.

लाइम या नावाचा लिंबाशी काहीही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या शेजारच्या काकूंनी भाचीला पंधरा दिवस लिंबू वर्ज्य करायला लावले होते. लाइम हे कनेटिकटमधील एका गावाचे नाव आहे. 1975 च्या सुमारास त्या गावात आणि आसपास पुष्कळ मुलांचे गुडघे सुजू लागले, तेव्हा पॉली मरे नावाच्या एका गृहिणीने आणि इतर काही आयांनी हा योगायोग नसावा असा आग्रह धरला, आणि येल विद्यापीठातील डॉ. ॲलन स्टीअर यांनी त्याचा शोध घेतला. रोगाचा जिवाणू सापडला तो पुढे, विली बर्गडॉर्फर यांना. 1982 मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्यांच्याच नावावरून जिवाणूला बोरेलिया बर्गडॉर्फेरी असे नाव मिळाले. हा जिवाणू विशिष्ट जातीच्या गोचिडींच्या चाव्यातून माणसाच्या अंगात शिरतो. त्यांची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात, त्यामुळे ती अंगाला चिकटलेली पुष्कळांच्या लक्षातच येत नाहीत. चाव्यानंतर 3 ते 30 दिवसांत बहुतेकांच्या त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा उठतो, मात्र आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो लाल न दिसता मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो, आणि भाचीच्या बाबतीत तसेच झाले. वेळेवर ओळखला गेल्यास उपचार साधा आहे : सुरुवातीच्या अवस्थेत साधारण 10 ते 14 दिवस आणि सांधे सुजले असतील तर 28 दिवसांपर्यंत प्रतिजैविक. त्यातले नेहमीचे औषध म्हणजे डॉक्सीसायक्लिन, जे कोकणात लेप्टोच्या, म्हणजे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीने भातलावणीच्या दिवसांत पुष्कळ शेतकऱ्यांनी घेतलेले असते.

कोकणात लाइम हा नेहमी आढळणारा आजार नाही. आपल्या गुरांवर आणि कुत्र्यांवर दिसणाऱ्या गोचिडी वेगळ्या जातींच्या आहेत, आणि सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2016 मध्ये ज्याची साथ आली तो गोचिडींतून येणारा माकडताप विषाणूचा आहे, जिवाणूचा नव्हे. तेव्हा गुरांची गोचीड चावली की लाइम झाला, असे कोणी समजू नये. (गोचीड चिकटलीच तर रॉकेल ओतू नये किंवा काडीने चटका देऊ नये, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.)

आता मूळ विषयाकडे येते. लाइमचे बहुतेक रुग्ण उपचारांनंतर पूर्ण बरे होतात, परंतु 100 तील साधारण 5 ते 10 जणांना थकवा, अंगदुखी, विस्मरण आणि विचार करताना डोके जड होणे असा त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ राहतो. याचे कारण काय, याबद्दल संशोधकांत एकमत नाही. प्रतिकारशक्ती उगाच जागी राहिलेली असते, मज्जासंस्थेचे काम बदललेले असते, अशा निरनिराळ्या शक्यता तपासल्या जात आहेत. मात्र एक गोष्ट बऱ्यापैकी ठरलेली आहे, की प्रतिजैविके महिनोन्महिने चालू ठेवून हा थकवा जात नाही. नेदरलँड्समध्ये 280 रुग्णांवर केलेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना आधी दोन आठवडे प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले गेले आणि नंतर 12 आठवडे काहींना प्रतिजैविकाच्या, तर काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या. दोन्ही गटांच्या प्रकृतीत एकमेकांच्या तुलनेत काही फरक दिसला नाही. भाचीला इंटरनेटवर वर्षभराच्या औषधांची जाहिरात दिसत असे आणि तिचा धीर सुटत असे. अशा जाहिरातींबद्दल माझे मत फार वाईट आहे, कारण थकलेल्या माणसाचा पैसा आणि आशा दोन्ही त्या एकदमच काढून घेतात.

औषधाने थकवा जात नसेल तर हाती राहते ते दिवसाचे नियोजन, आणि तेथे आमची पहिली चूक मीच केली. भाची आल्यानंतर दहा-बारा दिवसांतच एका रविवारी तिला जरा तरतरी वाटली. बाहेरची हवा लागली की बरे वाटेल, असे म्हणून मी तिला हेदवीला नेले. देवळाच्या पायऱ्या ती चढली, भरतीची वेळ होती म्हणून बामणघळीचे उसळणारे पाणी बघायला खडकांवरून चालली, येताना वेळणेश्वरला पुळणीवर बसून आमच्याशी तासभर गप्पा मारल्या. घरी आल्यावर ती हसत होती आणि रात्री पोटभर जेवली. सोमवारी ती थोडी गप्प होती, एवढेच. मंगळवारी सकाळी मात्र तिला कपबशी उचलताना हात थरथरत असल्याचे जाणवले, घसा दुखू लागला, उजेड सहन होईना, आणि पुढचे सहा दिवस ती खोलीचे दार लोटून पडून राहिली. आम्ही सगळे तिला ताप आहे का, बाहेरचे काही खाल्ले का, हेच विचारत राहिलो. रविवारचा आणि मंगळवारचा संबंध आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

या आजाराचे कोडे नेमके येथे आहे. निरोगी माणूस दमतो तेव्हा दमणे त्याच वेळी कळते आणि रात्रीच्या झोपेने भरून निघते. लाइमनंतरच्या थकव्यात पुष्कळांना, सर्वांना नव्हे, श्रमांची किंमत उशिरा चुकवावी लागते, म्हणजे श्रमानंतर बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत कधीही, आणि ती केलेल्या श्रमांच्या मानाने कितीतरी मोठी असते. जुनाट थकव्याचा जो एमई नावाचा आजार आहे त्यात हे लक्षण ठळक असते, आणि करोनानंतर रेंगाळलेल्या त्रासातही जगभर असंख्य लोकांनी ते अनुभवले. विहिरीच्या बाबतीत पाण्याचा रंग बदलला की लगेच दिसते आणि हात बटणाकडे जातो. येथे पाणी दोन दिवस स्वच्छच दिसत राहते आणि गाळ त्यानंतर येतो. म्हणून 'दमलीस की बस' हा प्रेमाने दिलेला सल्ला निरुपयोगी ठरतो. दमल्याचे जाणवेपर्यंत मर्यादा मागे पडलेली असते.

शिवाय असा माणूस एका फेऱ्यात सापडतो. चार दिवस पडून राहिल्यावर एक दिवस बरे वाटते. राहिलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकून घ्यावीशी वाटतात. मग पुन्हा चार दिवस अंथरूण. प्रत्येक फेऱ्यानंतर अंगातले बळ थोडे कमी होते आणि मनातली भीती थोडी वाढते. या फेऱ्यातून बाहेर पडण्याच्या पद्धतीला इंग्रजीत पेसिंग म्हणतात. मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवण्याची मला गरज वाटत नाही, कारण 'बेताने' हा शब्द आपण रोज वापरतो : बेताने खा, बेताने चाल, खर्च बेताने कर. एखादी गोष्ट बेताने करणे म्हणजे ती सोडून देणे नव्हे. आपल्याजवळ काय आहे ते ओळखून तेवढ्यातच भागवणे.

आपल्याजवळ काय आहे ते ओळखण्यासाठी सुरुवातीला वही लागते. आम्ही दोन आठवडे एक साधी शंभर पानी वही ठेवली आणि तीत तासातासाने काय केले, ते बसून केले की उभ्याने, किती मिनिटे केले, त्या वेळी थकवा शून्य ते दहांपैकी किती होता आणि रात्री झोप कशी लागली, एवढेच लिहिले. लिहिणेसुद्धा श्रमच आहे, म्हणून वाक्ये लिहायची नाहीत, शब्द आणि आकडे पुरतात. दोन आठवड्यांनी ती पाने पहिल्या दिवसापासून नव्हे तर शेवटच्या दिवसाकडून मागे वाचायची : वाईट दिवस शोधायचा आणि त्याच्या आधीचे तीन दिवस बघायचे. भाचीच्या वहीत असे तीन वाईट दिवस निघाले. त्यांतल्या दोहोंच्या आधी चालणे झाले होते, हे अपेक्षितच होते. तिसऱ्याच्या आधी मात्र ती दिवसभर घरातच होती. त्या दिवशी तिने आयकराच्या कागदपत्रांचे दोन तास काम केले होते आणि संध्याकाळी फोनवर कोणाशी तरी वाद घातला होता.

त्या तिसऱ्या नोंदीने आम्हांला पुष्कळ शिकवले. थकवणारे काम म्हणजे अंगमेहनतीचे काम, ही आपली समजूत या आजारात खोटी ठरते. आकडेमोड, वाचन, पडद्याकडे बघत राहणे, चार माणसांचे एकदम चाललेले बोलणे ऐकणे, राग आणि रडू आवरून धरणे, या सगळ्यांची किंमत त्याच एका विहिरीतून जाते. त्याखेरीज नुसते उभे राहणे हे एक वेगळे ओझे असते. काही रुग्णांना उभे राहिल्यावर नाडी फार वाढते, भोवळल्यासारखे होते. अशांना दहा मिनिटे ओट्याशी उभे राहणे हे वीस मिनिटे बसून केलेल्या कामापेक्षा जड जाते. आणि आपल्या किनाऱ्यावरचा उकाडा. एप्रिल-मे महिन्यांत हवेत इतका दमटपणा असतो की घाम येतो परंतु वाळत नाही, म्हणून अंग निवत नाही आणि काहीही न करता हृदयाला जास्त काम पडते. भाचीने आंघोळीची वेळ सकाळी सातवरून संध्याकाळी पाचवर नेली, गरम पाण्याऐवजी कोमट पाणी घेतले आणि न्हाणीघरात प्लॅस्टिकचे स्टूल ठेवले. एवढ्या एका बदलाने तिची सकाळ वाचली.

वहीतून जो आकडा निघतो, म्हणजे वाईट दिवशीही मागाहून त्रास न होता जेवढे करता आले तेवढे, त्यातून आणखी पाव भाग वजा करायचा आणि तेथून सुरुवात करायची. भाचीला वाईट आठवड्यातही आठ मिनिटे चालणे झेपत होते; आम्ही सहा मिनिटे धरली. सहा मिनिटे म्हणजे आमच्या पडवीपासून आगराच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, जाऊन परत. चौतीस वर्षांच्या मुलीला हे अपमानास्पद वाटते, आणि तिला तसे वाटलेही. परंतु नियमाचा दुसरा अर्धा भाग तितकाच कडक असतो : चांगल्या दिवशीही सहाच मिनिटे. चांगल्या दिवशी थांबता येणे हे या पद्धतीतले सर्वांत अवघड कसब आहे, आणि घरच्यांनी मदत करायची तर नेमकी तेथे करावी. वाईट दिवशी माणूस आपोआपच थांबतो.

काम घड्याळाने मोडायचे, थकव्याने नव्हे, हे नारळ खवण्याच्या उदाहरणाने सांगते. आमच्याकडे रोज एक नारळ लागतो आणि भाचीला हे काम स्वतःकडे हवे होते. विळीच्या पाटावर उकिडवे बसायचे, दोन्ही हातांनी नारळाची वाटी पात्याच्या चक्रीवर दाबून फिरवायची, मान खाली. पाच मिनिटांचे काम, पण त्यात खांदे, मनगटे, मांड्या सगळे एकदम ताणले जाते आणि शेवटी जमिनीवरून उठावे लागते, जे सर्वांत महाग असते. आम्ही टेबलाला घट्ट बसणारी, हाताने फिरवायची खवणी आणली आणि खुर्ची ओढली. पहिल्या महिन्यात ती एकच वाटी खवत असे. मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर. गजर झाला की वाटीत खोबरे उरले असले तरी हात पुसून आत जाऊन आडवे व्हायचे. दुसरी वाटी मी खवत असे. माझ्या आईला हे काही पटेना. 'एवढं एवढं तर राहिलंय, तेवढं संपवून ऊठ ना,' असे ती रोज म्हणे, आणि खरे सांगायचे तर मलाही आतून तसेच वाटे. हातातले काम पुरे केल्याशिवाय उठू नये, हा संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. या आजारात तो मोडावा लागतो.

विश्रांतीबद्दलही आपली कल्पना सैल असते. मोबाइल बघत पडणे ही विश्रांती नव्हे, मालिका बघणे नव्हे, आणि पडल्या पडल्या उद्याच्या कामांची यादी करणे तर मुळीच नव्हे. आडवे व्हायचे, डोळे मिटायचे, आवाज आणि उजेड कमी करायचा, श्वास सावकाश सोडायचा, दहा ते पंधरा मिनिटे, आणि हे दिवसातून चार-पाच वेळा, गरज वाटो वा न वाटो. कोकणात वामकुक्षीला मान आहे. दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात आणि कोणी कोणाचे दार वाजवत नाही. ही मोठीच सोय आहे, परंतु वामकुक्षी ही जेवणानंतरची, काम संपल्यावरची असते, आणि येथे विश्रांती हवी असते ती सकाळी साडेनऊला, नाश्त्यानंतर. सकाळी साडेनऊला तरुण मुलगी आडवी झालेली दिसली की घरी येणारा प्रत्येक जण 'बरं नाही का?' असे विचारतो. शेवटी आम्ही या सगळ्या विश्रांतींच्या वेळा जेवणाच्या वेळांसारख्या ठरवूनच टाकल्या. एक पथ्य मात्र हवे : दिवसा गाढ झोप लागू द्यायची नाही, लागलीच तर अर्ध्या तासाच्या आत उठायचे आणि दुपारी तीननंतर झोपायचे नाही, कारण त्याचा फटका रात्रीच्या झोपेला बसतो.

याच्या उलट टोकाला जाऊन नुसते पडून राहणे हाही उपाय नाही. निरोगी ज्येष्ठ माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवले तर त्यांच्या पायांतील जवळपास 1 किलो स्नायू कमी होतात, असे एका प्रयोगात आढळले आहे. आजारी माणसाला आधीच बळ कमी, त्यात स्नायू गेले तर तेच काम अधिक महाग पडू लागते. झऱ्याला वेळ द्यायचा असतो. विहीर वापरातून काढायची नसते. ज्या दिवशी उठवतच नाही त्या दिवशीही पलंगावर घोटे फिरवणे, गुडघे दुमडून सरळ करणे, उशीला टेकून दहा मिनिटे बसणे एवढे चालू ठेवावे.

मग वाढ कधी करायची? दोन आठवडे एकाच पातळीवर, मागाहून त्रास न होता, स्थिर गेले की एका वेळी एकच गोष्ट साधारण दहा टक्क्यांनी वाढवायची. चालणे वाढवले तर त्या आठवड्यात वाचन वाढवायचे नाही. वाढवल्यावर दोन-तीन दिवस वाट पाहायची आणि त्रास झालाच तर मागच्या पायरीवर यायचे. येथे एक मतभेद सांगणे आवश्यक आहे. थकलेल्या रुग्णाने दर आठवड्याला ठरल्याप्रमाणे व्यायाम वाढवतच न्यावा, अशी शिफारस पूर्वी सर्रास केली जात असे. ज्यांचे स्नायू केवळ न वापरल्याने दुबळे झाले आहेत त्यांना तिचा फायदा होतो, आणि लाइमनंतरच्या काही रुग्णांचे दुखणे तेवढेच असते. परंतु श्रमांची किंमत ज्यांना उशिरा आणि दामदुपटीने चुकवावी लागते, त्यांच्यासाठी ती शिफारस धोक्याची आहे; ब्रिटनमधील उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने 2021 मध्ये एमईच्या रुग्णांसाठी असा ठरावीक चढता व्यायाम देऊ नये असे स्पष्ट केले. आपण कोणत्या गटात आहोत हे ओळखण्याची घरगुती रीत म्हणजे व्यायामानंतरचे 48 तास वहीत नोंदवणे. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखले पण मन आणि झोप ठीक असली तर हरकत नाही. घसा, डोके, झोप आणि बुद्धी सगळे एकदम बिघडले तर व्यायाम वाढवणाऱ्याचे, मग तो कितीही अनुभवी असो, ऐकू नये. मनगटावरचे घड्याळ नाडी दाखवत असेल तर त्याचाही उपयोग होतो : काही फिजिओथेरपिस्ट सकाळी अंथरुणातल्या नाडीपेक्षा 15 ठोक्यांच्या वर जाऊ नये, असा ढोबळ नियम देतात. नाडी मंदावणारी औषधे चालू असतील तर मात्र तो लागू पडत नाही.

हे सगळे एरवीच्या दिवसांत जमते. अडचण येते ती कोकणचे वर्षच मुळी धावपळीचे आणि सुस्तीचे असे आळीपाळीने आलेले असल्यामुळे. वैशाखात आंबे उतरवणे, आमसुले वाळवणे, जळण भरणे, ही आगोटीची कामे पावसाच्या आत संपवायचीच असतात; श्रावण संपला की गणपती. मुंबईचे सगळे घर गावी येते, एका छपराखाली वीस-बावीस माणसे, रात्री बारापर्यंत भजने. भाची म्हणाली, 'आत्या, गणपतीत मी खोलीत पडून राहणार नाही, मग काही होवो.' तिला नको म्हणण्यात अर्थ नव्हता, म्हणून आम्ही बेत केला. चतुर्थीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस तिच्या नावावर एकही काम नाही. चतुर्थीला दोनच गोष्टी : सकाळी खुर्चीत बसून उकडीच्या मोदकांच्या पाऱ्या, दहा-दहा मिनिटांच्या दोन बैठकींत, आणि दुपारची आरती, तीही भिंतीला टेकून बसून. रात्रीचे भजन तिने मागच्या खोलीत, दार बंद करून, आडवे पडून ऐकले. एकवीस मोदकांपैकी नऊ तिचे होते. तिसऱ्या दिवशी थोडा जडपणा आला, चौथ्या दिवशी तो गेला. हेदवीनंतरचे सहा दिवस आठवले तर हा मोठाच फरक होता.

नातेवाइकांना समजावण्याचे काम मी माझ्याकडे घेतले, कारण आजारी माणसाला स्वतःची बाजू मांडत बसावे लागणे हेसुद्धा थकवणारे असते. रुग्ण चांगला दिसतो, हसतो, आणि तरीही 'नाही' म्हणतो, याचा लोकांना राग येतो. तिला काय झाले आहे हे न सांगता ती काय करू शकते ते सांगितले की काम सोपे होते : 'ती साडेअकरा ते बारा बोलायला मोकळी आहे, तेव्हा या.' माणसे येतात आणि बाराला उठतातही. अर्ध्या तासाची वेळ आधी ठरलेली असली की कोणालाही वाईट वाटत नाही, हा अनुभव मला नवा होता.

या नियोजनाच्या आड काही गोष्टी लपू नयेत, म्हणून डॉक्टरांकडे जाण्याबद्दल थोडे. दीर्घ थकवा असणाऱ्याने हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, ब-12 आणि ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या एकदा करून घ्याव्यात. भाचीचे ब-12 बरेच कमी निघाले आणि ते भरून काढल्यावर हातापायांच्या मुंग्या गेल्या, जरी मूळ थकवा राहिला. झोपेत घोरणे आणि श्वास अडकणे, तसेच मनाची उदासी, यांवर स्वतंत्र उपचार आहेत आणि ते घ्यावेत. लाइम आजार काही जणांच्या हृदयातील विद्युतमार्गावर परिणाम करतो, त्यामुळे भोवळ येऊन पडणे, छातीत दुखणे, नाडी फार मंद किंवा अनियमित होणे, तसेच चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे किंवा सांधा नव्याने सुजणे, यांपैकी काहीही झाल्यास वही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

राहिला नोकरीचा प्रश्न. भाचीचे कार्यालय अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या वेळापत्रकानुसार तेथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. घरून पूर्ण वेळ काम करायचे तर रात्री अडीचपर्यंत जागावे लागले असते आणि सगळे केलेले पाण्यात गेले असते. तिने वरिष्ठांना वहीतली चार पाने पाठवली आणि साडेसहा ते साडेआठ असे दोन तास मागून घेतले, तेही पंचवीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे डोळे मिटून पडणे, अशा तुकड्यांत. बैठक असेल तर कॅमेरा बंद ठेवून, पडवीतल्या झोपाळ्यावर पाय लांब करून. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दिवाळीनंतर चार दिवस. साडेआठला संगणक बंद होतो, मग तो अर्धवट राहिलेला ईमेल का असेना. आता नारळाच्या दोन्ही वाट्या तीच खवते. एक सकाळी सव्वाआठला आणि दुसरी, मधल्या विश्रांतीनंतर, पावणेदहाला. माझी आई अजूनही त्या मधल्या दीड तासात खोबऱ्याच्या ताटावर झाकण ठेवताना काहीतरी पुटपुटत असते.